कुंडई परिसरातल्या परप्रांतीय कामगार कुटुंबांसाठी मदतीचं टेबल: रहिवासी दाखल्याचं काय करायचं?

अंत्रुज_वाचक

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या कुंडई-मडकई पट्ट्यात औद्योगिक वसाहतींच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत बरीच कामगार कुटुंबं राहतात. विजापूर, बागलकोट, गदगकडची जास्त, त्याखालोखाल ओडिशा, झारखंड, बिहारची, आणि दोन-चार नेपाळी. आमच्या वाचनालयाची एक खोली आठवड्यातून एकदा रिकामी असते. तिथे पाच-सहा स्वयंसेवकांचं टेबल लावून रेशन, मुलांची शाळा, दवाखाना, आधार अशा कामांत या लोकांना मदत करायची, असं ठरलं आहे.

पण जिथे जावं तिथे "गोव्याचा रहिवासी दाखला आहे का?" हा पहिला प्रश्न येतो, आणि माणूस तिथूनच परत फिरतो. हा दाखला यांना कसा मिळवून द्यायचा? की त्याआधी दुसरं काही करायला हवं? ज्यांनी हे काम जवळून केलं आहे त्यांनी कृपया तपशिलात सांगावं. टेबल कसं चालवायचं, यावरही लिहिलंत तर उपकार होतील.

सेवा_नोंद

दाखल्याच्या मागे लागू नका. मामलेदाराकडचा १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला तीन-चार वर्षांपूर्वी आलेल्या कुटुंबाला मिळणारच नाही, आणि त्यांना आज लागणाऱ्या बहुतेक सेवांना तो लागतही नाही. वर्षभर दाखल्यासाठी फिरवून शेवटी हाती काही न आल्यावर तो माणूस पुन्हा तुमच्या दारात येत नाही. म्हणून टेबलवरच्या प्रत्येकाला आधी हे पाठ हवं की कुठल्या सेवेला वास्तव्य लागतं आणि कुठल्या सेवेला लागत नाही.

काही हक्क माणसाबरोबर फिरतात. केंद्राच्या अन्नसुरक्षेखालचं रेशन, आयुष्मान कार्ड (इस्पितळातल्या उपचारांचं), ई-श्रम (असंघटित कामगारांची नोंदणी), ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) नंबर हे सगळे त्यात आले. माणूस गदगमध्ये असो की कुंडईत, कार्ड तेच चालतं. दुसरा गट आज तुम्ही जिथे राहता तिथे मिळणाऱ्या गोष्टींचा: प्राथमिक शाळा, अंगणवाडी, लसीकरण, हिवतापाची तपासणी, क्षयाचे औषधोपचार. यांत "किती वर्षं राहता?" हा प्रश्नच येत नाही. तिसऱ्या गटाला मात्र खरोखर वास्तव्य लागतं. गोवा सरकारच्या योजना यात येतात: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला (आरोग्य विमा) गोव्यात ५ वर्षं, गृह आधार (गृहिणींना मदत) आणि दयानंद सामाजिक सुरक्षेला (निराधारांना मदत) १५ वर्षं. तिसऱ्या गटाचं पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून टाका, "हे आत्ता मिळणार नाही", म्हणजे एजंट पैसे उकळणार नाहीत.

टेबलचं म्हणाल तर सकाळची वेळ टाळा. पाणी भरणं, कपडे, बाजार यांत सकाळ जाते, आणि पाळीवाल्यांचा रविवार सुट्टीचा असेलच असं नाही. संध्याकाळी सहा ते आठ ठेवा. तीन माणसं पुरतात: एकाने ऐकायचं, एकाने फोनवर किंवा संगणकावर तपासायचं, एकाने चिठ्ठी लिहायची. कन्नड बोलणारं एक माणूस हवंच, आणि लमाणी बोलणारं मिळालं तर फारच चांगलं, कारण विजापूरकडच्या तांड्यांवरून आलेल्या बायकांना कन्नडही कधी कधी अवघड जातं.

चिठ्ठी दोन भागांची करा. एक भाग कुटुंबाकडे: कुठे जायचं, कोणाला भेटायचं, काय न्यायचं, काय विचारलं तर काय सांगायचं. दुसरा भाग तुमच्याकडे: पहिलं नाव, खोलीची खूण, काम, पुढची तारीख. आधार नंबर तुमच्या वहीत लिहायचा नाही. झेरॉक्स ठेवून घ्यायची नाही. ओटीपी त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, कारण एका वहीतून पन्नास आधार नंबर बाहेर गेले तर वाचनालयाचं नाव कायमचं जाईल.

आणि पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारा: आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का? निम्मी कामं इथेच अडतात. गावाहून निघताना जुनं सिम बंद पडलेलं असतं. नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलून घेता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून त्याचं शुल्क ७५ रुपये आहे, बोटांचे ठसे नव्याने द्यायचे तर १२५. याहून जास्त कोणी मागितलं तर देऊ नये. मुलांचे ठसे ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात मोफत बदलून मिळतात.

आधारवरचा पत्ता गोव्याचा करण्याची घाई करू नका. रेशनला आणि ई-श्रमला त्याची गरज नाही, आणि सहा महिन्यांनी खोली बदलली की तो पत्ता पुन्हा चुकीचा ठरतो.

सोसायटी_काटा

रेशनवर मी लिहितो, कारण सर्वांत जास्त माणसं याच कामासाठी येतील आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत.

"एक देश, एक रेशन कार्ड" योजनेत गोवा आणि कर्नाटक दोन्ही राज्यं १ जानेवारी २०२० पासून आहेत. आता सगळी राज्यं आली आहेत. म्हणजे बागलकोटचं कार्ड असलेला माणूस कुंडईच्या सोसायटीत, म्हणजे रेशन दुकानात, जाऊन धान्य उचलू शकतो. गोव्याचं कार्ड काढायचं नाही, गावचं रद्दही करायचं नाही. मुळात दोन राज्यांत दोन कार्डं ठेवली की आधारमुळे दोन्ही अडकतात.

मिळतं काय? केंद्राचा हिस्सा. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदयला (सर्वांत गरीब कुटुंबांच्या कार्डाला) कुटुंबाला ३५ किलो. २०२३ पासून हे मोफत आहे. गावच्या राज्याने वर जे काही जास्तीचं जाहीर केलं असेल ते इथे मिळत नाही. कर्नाटकची माणसं हमखास विचारतात, "गावी तर जास्त मिळायचं", तेव्हा हे नीट समजावून सांगा, नाहीतर सोसायटीवाला मापात मारतो असं त्यांना वाटतं. धान्यही इथल्या दुकानात जे येतं तेच मिळणार. ज्वारी-नाचणी मागून मिळणार नाही.

कार्डावर सहा माणसं आहेत, तीन इथे आणि तीन गावी. सहाजणांचे ३० किलो होतात. इथे १५ किलोच उचला आणि उरलेले १५ गावातल्यांना त्याच महिन्यात उचलू द्या. दुकानदाराला किलो आधी सांगायचे. न सांगितल्यास तो पूर्ण ३० टाकतो, इथे उचल झाली की गावी म्हातारा-म्हातारी रिकाम्या हाताने परततात. याच्या उलटही होतं: गावातल्यांनी सगळं आधी उचललेलं असतं आणि इथे दुकानातलं ठसा घेणारं मशीन शून्य दाखवतं. म्हणून घरच्या घरी ठरवून घ्या की कोण किती उचलणार.

आता कुठे अडतं ते.

कार्ड अन्नसुरक्षा कायद्याखालचं नसेल, फक्त राज्याच्या स्वतःच्या योजनेचं असेल, तर ते बाहेर चालत नाही. "मेरा राशन" ॲपवर कार्ड नंबर टाकला की ते कळतं. टेबलवर हे आधी बघा, मग माणसाला दुकानात पाठवा.

कार्डावर नाव आहे पण त्या माणसाचा आधार जोडलेला नाही. मशीनवर कार्डातल्या कोणाही एकाचा ठसा लागतो, पण तो ज्याचा आधार जोडलाय त्याचाच. बऱ्याचदा आधार जोडलेला असतो गावी राहिलेल्या सासऱ्याचा, आणि इथे आलेल्या सुनेचा नसतो.

ई-केवायसी (कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणं) राहिलेलं असतं. हे मशीनवर ठसा देऊन कुठल्याही राज्यातल्या रेशन दुकानात करता येतं, त्यासाठी गावी जाण्याचं तिकीट काढू नये. प्रत्येक माणसाला स्वतः यावं लागतं, एकाने सगळ्यांचं करून चालत नाही.

दुकानदार "माल नाही" म्हणतो. यात नेहमीच लबाडी नसते. दुकानाचा कोटा त्याच्याकडच्या कार्डांवरून ठरतो, बाहेरच्या कार्डांची उचल नंतरच्या महिन्यांच्या हिशेबात भरून येते. एकदम तीस कुटुंबं पाठवलीत तर त्याचा माल खरंच संपेल. दुकानदाराला आधी जाऊन भेटा, साधारण किती कुटुंबं येतील ते सांगा, आणि माल आल्यावर आठवड्याभरात जा, शेवटच्या तारखेला नको. पावती मशीनमधून छापून येते, ती मागून घ्यायची सवय लावा. तरीही नकार आलाच तर १४४४५ हा या योजनेचा मोफत फोन आहे, आणि १९६७ हा रेशनचा. तालुक्याच्या नागरी पुरवठा निरीक्षकाला लेखी दिलं तर त्याहून लवकर हलतं.

अंत्रुज_वाचक

हे फार उपयोगी आहे, आभार. एक विचारतो: सिमेंटचं काम करणाऱ्यांचे ठसे मशीन घेतच नाही. त्यांनी काय करायचं?

सोसायटी_काटा

हात साबणाने धुऊन, पुसून, थोडं खोबरेल लावून पुन्हा पुसायचं आणि मग ठसा द्यायचा. कोरड्या भेगाळलेल्या बोटाचा ठसा उमटत नाही, तेलकट बोटाचाही नाही. अंगठा सोडून बाकीची बोटं वापरून बघा, करंगळीशेजारचं बोट कामात कमी झिजतं. सकाळी कामावर जाण्यापूर्वी गेलं तर फरक पडतो. ज्या दुकानात डोळ्याचं स्कॅनर आहे तिथे तो प्रश्नच येत नाही. आणि सोपा मार्ग म्हणजे कार्डातल्या ज्या माणसाचे हात सिमेंटात जात नाहीत त्याला पाठवणं, बायको किंवा मोठा मुलगा, पण त्यांचा आधार जोडलेला हवा. वारंवार फसत असेल तर आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यावेत.

शाळेतली_बाई

शाळेबद्दल. वय ६ ते १४ असेल तर प्रवेश हा शिक्षण हक्क कायद्याने, २००९ च्या, मिळालेला हक्क आहे. त्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, आणि कलम ५ सांगतं की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येणार नाही. ही दोन कलमं एका कागदावर मराठीत लिहून टेबलवर ठेवा. मुख्याध्यापक बहुतेक वेळा वाईट हेतूने नाकारत नाहीत, त्यांना नोंदवहीत काय लिहायचं ही काळजी असते. त्यांना सांगा की जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं लेखी निवेदन चालतं.

मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. नऊ वर्षांच्या मुलाला "मराठी येत नाही" म्हणून पहिलीत बसवणं चूक आहे. कायद्यातच अशा मुलासाठी खास शिकवणीची सोय सांगितली आहे, किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. ती शाळेतच व्हावी. पहिलीत बसवलेलं मोठं मूल लाजेने वर्षभरात शाळा सोडतं, आणि मग ते लहान भावंडाला सांभाळायला घरी राहतं, हा सगळ्यांत मोठा तोटा.

माध्यम कोणतं, यावर पालकांशी बोला. आपल्याकडच्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांश मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या. कुटुंब वर्षा-दोन वर्षांत परत जाणार असेल आणि जवळपास कन्नड किंवा उर्दू माध्यमाचा पर्याय असेल तर तो आधी बघावा. राहणार असेल तर इथल्याच शाळेत घालावं. लहान मूल सहा-आठ महिन्यांत बोलायला लागतं. वाचायला वेळ लागतो, कारण कर्नाटकच्या सरकारी शाळांत हिंदी सहावीपासून येते, म्हणजे पाचवीपर्यंतच्या मुलाला देवनागरीची ओळखच नसते. तुमचं वाचनालय आहे, तर शनिवारी एक तास अक्षरओळखीचा ठेवा. चित्रांची कार्डं, रोजच्या वापरातले शब्द, मग बाराखडी. पहिल्या दिवशी बाराखडीपासून सुरुवात करू नका. वर्गात कन्नड बोलणारं दुसरं मूल असेल तर शेजारी बसवायला बाईंना सांगा.

एक तांत्रिक गोष्ट ज्यात मुलं अडकतात: प्रत्येक मुलाला शाळेच्या संगणक नोंदीत एक कायमचा विद्यार्थी क्रमांक असतो, शिक्षक त्याला पेन नंबर म्हणतात. जुन्या शाळेने नोंदीतून मुलाला मोकळं केल्याशिवाय नवी शाळा त्याला आपल्याकडे ओढू शकत नाही. मग नवी शाळा वैतागून नवा क्रमांक काढते, आणि पुढे दहावीला एका मुलाच्या दोन नोंदी निघतात. उपाय साधा आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन नंबर पालकांकडे असतो किंवा गावातल्या नातेवाइकाकडून मिळतो. टेबलवर बसूनच फोन लावा, कन्नड बोलणाऱ्याने बोलावं, पेन नंबर लिहून घ्यावा आणि मुलाला मोकळं करायची विनंती करावी. या सगळ्यात मुलाला शाळेबाहेर ठेवायचं नाही, प्रवेश आधी, नोंद मागाहून.

ही कुटुंबं बरीचशी दिवाळीनंतर येतात, म्हणजे प्रवेश वर्षाच्या मध्यावर मागितला जातो. ते चालतं. शाळा ऐकत नसेल तर भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, पण भांडणाच्या सुरात नको. तालुक्यातल्या कित्येक सरकारी शाळांचा पट या मुलांवरच टिकून आहे, हे तेही जाणतात. तीन ते सहा वयाची मुलं अंगणवाडीत. गावच्या अंगणवाडीत नाव असेल तर पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या संगणक नोंदीत) ती नोंद इकडे वळवता येते, सेविकेला आधार आणि जुन्या अंगणवाडीचं नाव सांगावं.

आरोग्य_सेविका_गोवा

तीन गोष्टी सांगते, बाकी उपकेंद्रावर विचारून घ्या.

ताप. कुठलाही थंडी वाजून येणारा ताप असेल तर गोळी घेऊन कामावर जायचं नाही, आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यायचं, ते मोफत होतं. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापाला क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस अशी औषधं असतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि कामगार बाकीच्या गोळ्या टाकून देतो. जंतू यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो, शिवाय तोवर डासांमार्फत शेजारच्या खोल्यांत पसरायची वाट मोकळी राहते. १४ दिवसांचा हिशेब घरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवायला सांगा. गरोदर बाई आणि एक वर्षाखालचं बाळ यांना प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून एकाच्या गोळ्या दुसऱ्याने घ्यायच्या नाहीत. बांधकामावरच्या कामगारांचं आरोग्य कार्ड काढून ठेवणं ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे, ते कामगाराच्या हातात आहे का विचारा.

गरोदरपण आणि लस. गावी सुरू केलेलं माता-बाल संरक्षण कार्ड इथे पुढे चालतं, नवं काढायची गरज नाही. ते हरवलं असेल तरी लस नाकारत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत उपकेंद्रावर नाव नोंदवा. बाळंतपणाला गावी जायचं ठरलं असेल तर कार्डावर इथल्या तपासण्या भरून घेऊन जावं. रात्री कळा सुरू झाल्या तर १०८.

दवाखान्यातले पैसे. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) २०१८ पासून बिगरगोमंतकीयांकडून शुल्क घेतलं जातं. त्यामुळे आयुष्मान कार्ड असेल तर ते भरती होतानाच दाखवायचं, डिस्चार्जच्या दिवशी नको. ते देशभर चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण फक्त भरती झाल्यावर, बाह्यरुग्ण विभागाला नाही. कार्ड आयुष्मानचंच आहे की केवळ गावच्या राज्याच्या योजनेचं, हे आधी १४५५५ वर विचारून घ्या.

क्षयरोगी असेल तर विशेष लक्ष द्या. उपचार सहा महिन्यांचे. मे महिन्यात कुटुंब गावी जातं आणि गोळ्या तुटतात. निघायच्या आठवडाभर आधी केंद्रावर सांगितलं की निक्षय नोंदीतून (क्षयरोग्यांच्या सरकारी संगणक नोंदीतून) उपचार गावच्या केंद्राकडे वळवतात आणि प्रवासापुरत्या गोळ्या देतात. महिना हजार रुपये पोषणासाठी खात्यात येतात तेही चालू राहतात. न सांगता गेलं तर दोन्ही थांबतं.

कामगार_हिशेब

वर ई-श्रमचा उल्लेख आला, त्यात एक दुरुस्ती. ई-श्रम हे असंघटित कामगारांसाठी आहे, वय १६ ते ५९. ज्याचा ईएसआय किंवा पीएफ कापला जातो तो त्यात बसत नाही. कुंडईच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार बरेचसे ईएसआयमध्ये असतात, त्यामुळे त्यांना ई-श्रमच्या रांगेत उभं करू नका. आधी पगाराची पावती बघा. नोंदणी मोफत आहे, मदतीचा नंबर १४४३४.

ईएसआयचा फायदा लोकांना माहीतच नसतो. पगार २१,००० पर्यंत असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि पूर्ण कुटुंबाचे औषधोपचार होतात. कुटुंब गावी असेल तर त्यांना तिथला दवाखाना जोडून घेता येतो. आजारपणाची रजा वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आणि इथेच घोळ होतो. कंत्राटदार बदलला की नवा कंत्राटदार जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढतो. कामगाराची आधीची वर्गणी जुन्या क्रमांकावर पडून राहते, ७८ दिवस भरत नाहीत, आणि आजारी पडल्यावर हाती काही येत नाही. पीएफच्या यूएएनचंही (कामगाराच्या कायमच्या पीएफ क्रमांकाचंही) तेच. म्हणून चिठ्ठीवर ठळक लिहा: "नव्या कामावर गेल्यावर हे दोन नंबर आधी द्या." पाकिटात ठेवायला छोटं कार्ड छापून द्या, लॅमिनेट केलेलं.

बांधकामावर काम करणारा असेल तर कल्याण मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र. ते कंत्राटदाराने द्यायचं असतं आणि तिथेच माणूस अडतो. मुकादमाच्या हजेरी वहीचे फोटो दर पंधरवड्याला फोनमध्ये काढून ठेवायला सांगा, म्हणजे नंतर वाद राहत नाही.

मजुरी थकली तर पाटो, पणजी इथल्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालय आहे. तक्रारीत नुसतं मुकादमाचं नाव लिहून उपयोग होत नाही, तो दुसऱ्या दिवशी गायब होतो. ज्या कारखान्यात काम केलं त्याचं नाव लिहा. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते. हे कळलं की बऱ्याच वेळा सुनावणीआधीच पैसे मिळतात.

अंत्रुज_वाचक

खूप मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. तीन शंका राहिल्या. घरमालक म्हणतात, पोलिसांत माहिती द्यायची असते म्हणून आधार झेरॉक्स तुम्हीच गोळा करून द्या. हे करावं का? नेपाळी कुटुंबांना काय लागू होतं? आणि एका जोडप्याचं बाळ गोव्यात जन्मलं, पण जन्मदाखला काढलाच नाही, आता गावी काढायचा म्हणतात.

सेवा_नोंद

झेरॉक्स गोळा करू नका. गोव्यात भाडेकरू पडताळणीचा २०२४ चा कायदा आहे आणि माहिती पोलीस स्थानकात द्यायची जबाबदारी घरमालकाची आहे, न दिल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही मध्ये पडलात की टेबल पोलिसांचं आहे असा समज होईल आणि जिला सर्वांत जास्त गरज आहे ती बाई यायची बंद होईल. घरमालकांना फॉर्म कसा भरायचा तेवढं समजावून द्या. पडताळणी झाली तर कुटुंबाचाच फायदा असतो, कारण राहत असल्याचा एक लेखी माग तयार होतो. टेबलबद्दल गैरसमज नको म्हणून मतदार यादीचं कामही टेबलवर घेऊ नका. विचारलं तर बीएलओचं (मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याचं) नाव सांगा आणि थांबा.

नेपाळी नागरिकांना १९५० च्या करारामुळे व्हिसाशिवाय इथे राहता आणि काम करता येतं. मुलांची शाळा आणि लसीकरण, दवाखाना, मजुरीची तक्रार, ईएसआय हे सगळं त्यांना खुलं आहे. अन्नसुरक्षेचं रेशन मात्र नाही, ते स्पष्ट सांगा. नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगा, त्याच्याशिवाय त्यांचं पुढचं काहीच होत नाही.

हिवाळ्यात लोकरी कपडे, दागिने विकायला येणारे तिबेटी लोक तुमच्याकडे आले तर त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, कर्नाटकातल्या मुंडगोड किंवा इतर तिबेटी वसाहतींच्या पत्त्याचं. त्याचं नूतनीकरण किंवा पत्त्याचा प्रश्न पणजीच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचा आहे, स्वयंसेवकाने त्यावर अंदाजाने काही सांगू नये. इतर देशांतून आश्रयाला आलेलं कोणी असेल तर आणखी जपून. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्यांची स्थिती परदेशी नागरिकांच्या कायद्याने ठरते, आणि तो कायदा सप्टेंबर २०२५ पासून नवा आहे. अशा माणसाला वकिलाकडेच पाठवायचं. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा फोन आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना.

आरोग्य_सेविका_गोवा

बाळाच्या दाखल्याचं: जन्म ज्या पंचायतीच्या किंवा पालिकेच्या हद्दीत झाला तिथेच नोंद होते. गावी जाऊन काही मिळणार नाही, जन्म गोव्यात झाला असेल तर इथेच काढावा लागेल. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर दवाखान्याने माहिती पाठवलेली असते, म्हणजे नोंद बहुधा आहेच, फक्त दाखला घ्यायचा राहिला आहे. डिस्चार्जचा कागद घेऊन त्या कार्यालयात जा. नाव घातलेलं नसेल तर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून.

बाळ खोलीतच जन्मलं असेल तर घाई करा. २१ दिवसांत नोंद मोफत, ३० दिवसांपर्यंत थोड्या शुल्काने, त्यानंतर वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून लागणार आहे. बाळ किती दिवसांचं आहे आणि जन्म कुठल्या दवाखान्यात झाला ते कळवा, कुठल्या कार्यालयात जायचं ते सांगते.

अंत्रुज_वाचक

बाळ चार महिन्यांचं, जन्म फोंड्याच्या सरकारी इस्पितळात. डिस्चार्जचा कागद आहे.

आरोग्य_सेविका_गोवा

मग काळजी नको. इस्पितळ फोंडा पालिकेच्या हद्दीत येतं. आई किंवा वडील यांपैकी एकाने आधार आणि डिस्चार्जचा कागद घेऊन पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी खिडकीवर जावं. डिस्चार्जच्या कागदावर आईचं नाव आधारसारखंच लिहिलंय का ते निघण्यापूर्वी बघा. फरक असेल तर दाखला छापायच्या आधीच दुरुस्ती मागा, छापल्यानंतर वेगळा अर्ज करावा लागतो. बाळाचं नाव ठरलं असेल तर त्याच दिवशी घालून घ्या, आणि दाखल्याच्या दोन प्रती मागा. एक इथे ठेवायची, दुसरी गावच्या घरी.